वीस डिग्रीतल्या सरोजक्का

बेंगळुरातल्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात एकच खोली थंड होती, आणि त्या खोलीत एकच बाई घामाने भिजायची.

मोजमापाची खोली ती. सगळे तिला स्टँडर्ड रूम म्हणायचे. धातू गरमीने वाढतो, थंडीने आकसतो, म्हणून मोजायचं ते वीस डिग्रीत, अशी या धंद्याची रीत आहे. आमच्या खोलीचा एसी वर्षभर वीसवरच असे. मी निपाणीहून आणलेला स्वेटर एप्रिलमध्येही घालून बसायची. शेजारच्या टेबलावर सरोजक्का सुती साडीवर खाकी एप्रन चढवून, बाह्या कोपराच्या वर सारून बसलेल्या असायच्या. काम करता करता मध्येच त्यांचा हात थांबायचा. गळ्यापाशी लाली उमटायची, ती कानांपर्यंत चढायची, कपाळावर आणि वरच्या ओठावर थेंब उभे राहायचे. त्या हातातला नग अलगद खाली ठेवायच्या, रद्द झालेल्या ड्रॉइंगची घडी घेऊन वारा घ्यायला लागायच्या आणि दाराच्या काचेकडे बघून मोठ्याने म्हणायच्या, "बघा की, बघा. तिकीट नाही."

काचेपलीकडून कुणी ना कुणी बघत हसत असायचंच.

सरोज देसाई हे त्यांचं पूर्ण नाव. अंतिम तपासणीच्या प्रमुख. साहेब लोक 'देसाई मॅडम' म्हणत, मशीनवरची माणसं 'अक्का'. मूळच्या खानापूरच्या, लग्नानंतर बेंगळुरात आलेल्या, यशवंतपूरच्या मागच्या गल्लीत राहणाऱ्या. मराठी आणि कन्नड या त्यांच्या दोन्ही मायबोल्या. त्यांना राग कन्नडमध्ये यायचा आणि तो मराठीत उतरायचा, असं आम्ही म्हणायचो.

मला या कारखान्यात घेतलं त्यांनीच. माझी आई विड्या वळते. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. बी.एस्सी.चं प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी मुलाखतीला आले होते. बाकीच्या साहेबांनी इंग्रजीत काय काय विचारलं आणि मी काय उत्तरं दिली ते आठवलं की अजून कान तापतात. सरोजक्कांनी एकच गोष्ट केली. टेबलावरचा एक शाफ्ट माझ्या हातात दिला आणि विचारलं, "हा मोजायचा आहे. काय करशील?"

मी म्हटलं, "हा गरम आहे."

"मग?"

"गार झाल्यावर मोजीन."

"सरी," त्या कन्नडात 'बरं' म्हणाल्या आणि साहेबांकडे वळल्या. "इंग्रजी येईल तिला. थांबायला येतं ते पुरे."

'आधी निवू दे, मग मोज' हे त्यांचं रोजचं वाक्य होतं. त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'निपाणी' झाले. "ए निपाणी, तो गेज आण." "निपाणी, जेवलीस का?" गावाच्या नावाने हाक मारली की मला बरं वाटायचं. या शहरात आपण कुठून आलो हे माहीत असलेलं एक माणूस आहे, असं वाटायचं.

आता त्यांच्या शिक्क्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं भांडण त्याचंच. आमच्याकडे प्रत्येक तपासनिसाचा स्वतःचा शिक्का असतो. बोटभर लांबीचा पोलादी तुकडा, त्याच्या टोकाला त्या माणसाचा क्रमांक. नग पास झाला की कडेला तो ठोकायचा. एकदा ठोकला की तो नग जगात कुठेही जाओ, कुणी पास केला ते त्याच्या अंगावर लिहिलेलं असतं. दुसऱ्याचा शिक्का वापरायचा नाही, स्वतःचा उसना द्यायचा नाही. सरोजक्कांचा शिक्का त्यांच्या गळ्यात मंगळसूत्राच्या शेजारी दुसऱ्या दोऱ्यात असायचा. "एक नवऱ्याचं, एक माझं," असं त्या म्हणायच्या.

मी रुजू झाले तेव्हा त्यांना पन्नाशी जवळ आली होती. अंगातून वाफा निघणं नुकतंच सुरू झालं होतं. पाळी कधी दोन दोन महिने यायची नाही आणि आली की थांबायची नाही. त्या दिवसांत त्या गडद रंगाची साडी नेसत, खुर्चीवर काळी उशी ठेवत, आणि उठल्या की माझ्याकडे पाठ करून हळूच म्हणत, "बघ गं." मी बघून म्हणायची, "काही नाही, अक्का." लॉकरमध्ये जादा ब्लाऊज, पाण्याची मोठी बाटली, मानेवर ठेवायला ओला रुमाल. चहा सोडला, कारण चहाने वाफ वाढते असं त्यांना दिसून आलं होतं. रात्री झोप नाही, सकाळी बोटांचे सांधे आखडलेले. ते मोकळे होईपर्यंत त्या मायक्रोमीटरला हात लावत नसत. पण हे सगळं त्या लपवत नव्हत्या. लपवलं नाही हाच त्यांचा गुन्हा ठरला.

बायकांचा संडास कारखान्याच्या दुसऱ्या टोकाला होता. तिथे जायचं म्हणजे मशीनच्या सगळ्या रांगा ओलांडायच्या. आत झाकणाची कचऱ्याची बादली नव्हती. अक्कांनी कितीतरी वेळा मागितली. दर वेळी उत्तर यायचं, "बघतो मॅडम." एकदा प्लांट मॅनेजर भट साहेबांच्या केबिनमध्ये त्या सही घ्यायला गेल्या आणि परतताना त्यांच्या टेबलाखालची झाकणाची बादली उचलून निघाल्या. आतले कागद साहेबांच्या टेबलावर नीट ओतून ठेवले होते. बादली हातात घेऊन, मान ताठ ठेवून, सगळ्या मशीनच्या रांगांमधून त्या चालत गेल्या. कुणीतरी विचारलं, "अक्का, कुठं निघालात?"

"साहेबांची बादली बदलीवर चाललीय," त्या म्हणाल्या.

बादली तिथेच राहिली. भट साहेब हसून म्हणाले, "जाऊ द्या, त्या वयातलं आहे."

हे वाक्य मी पुढे इतक्या वेळा ऐकलं की आजही ते कानावर आलं की माझ्या मुठी वळतात. अक्कांनी माल नापास केला: त्या वयातलं आहे. पाळीच्या मुलींना उभ्याने काम देऊ नका म्हणाल्या: त्या वयातलं आहे. ग्राइंडरवरचा गार्ड तुटलाय, मशीन बंद करा म्हणाल्या: त्या वयातलं आहे. त्यांच्या तोंडातून निघालेलं कुठलंही खरं वाक्य या एका वाक्याने पुसता यायचं. भट साहेब स्वतः त्यांच्याच वयाचे होते. दुपारी जेवणानंतर साखर चढली की मीटिंगमध्ये त्यांची मान छातीवर पडायची आणि सगळे आवाज कमी करायचे. त्यांच्या वयाचं मात्र कुणी काही बोलत नव्हतं.

अक्का घाबरतही होत्या, हे मी एकदाच पाहिलं. एका सकाळी त्या दारात उभ्या राहून माझ्याकडे बघत होत्या. तोंड उघडलेलं, पण शब्द नाही. "ए..." म्हणाल्या, "ए... थांब." माझं नाव तर सोडाच, निपाणीसुद्धा त्यांना आठवत नव्हतं. मी गेज घेऊन गेले. त्यांनी तो घेतला नाही. खुर्चीत बसल्या आणि कपाळ दाबून धरलं. "डोक्यात धुकं भरतंय गं. काल चष्मा फ्रीजमध्ये सापडला." मग एकदम उसळून म्हणाल्या, "पण नग चुकायचा नाही. आजपासून माझं प्रत्येक माप तू परत घ्यायचं. माझ्यावर विश्वास ठेवायचा नाही, डायलवर ठेवायचा."

तसं आम्ही केलं. त्यांनी मोजायचं, मग मी मोजायचं, मगच शिक्का. त्या सगळ्या काळात त्यांचं आणि माझं माप एकदाही वेगळं आलं नाही. स्वतःला काय होतंय ते ओळखून त्यावर उपाय शोधणारी बाई ती. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर त्याला जबाबदार म्हटलं असतं.

डॉक्टरांच्या हकिगती त्या डबा खाताना नकला करून सांगायच्या. पहिले डॉक्टर म्हणाले, गर्भपिशवी काढून टाका, आता तिचं काम काय? "मी म्हटलं, डॉक्टर, तुमच्या डोक्यावरचे केस गेले, मग डोकं काढून टाकलं का? आता त्याचं काम काय?" दुसऱ्या बाई डॉक्टर होत्या. त्यांनी कॉम्प्युटरवरून नजर न उचलता सांगितलं, सगळ्यांनाच होतं, मन रमवा, योगा करा. "मन रमवा म्हणे. रक्त पायापर्यंत येतंय आणि मी मन रमवू!" आम्ही हसायचो. त्याही हसायच्या, पण हसताना चपातीचे तुकडे तुकडे करत राहायच्या.

अशाच एका दुपारी हसणं संपल्यावर त्यांनी त्यांच्या आईची गोष्ट सांगितली.

"आई माझी ह्याच वयाची होती. तिला असंच व्हायचं. अंगाची आग व्हायची, की भर दुपारी विहिरीवर जाऊन डोक्यावर घागर ओतून घ्यायची. झोपायची नाही. रडायची, मधेच ओरडायची. लोक म्हणाले, हिला बाहेरचं लागलंय. भगताकडं नेली. त्यानं लिंबाच्या फांदीनं झोडली. ती ओरडली, तर म्हणाले, बघा, भूत ओरडतंय. गप्प बसली, तर म्हणाले, भूत गेलं." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "भूत नव्हतं गं, निपाणी. पाळी जात होती. बस्स. पाळी जात होती."

त्या दिवशी घरी गेल्यावर मी आईला फोन केला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारलं, "आई, मी कॉलेजात होते तेव्हा तुला अंगातून वाफा यायच्या का गं?"

आई म्हणाली, "येत होत्या की. सूप मांडीवर घेऊन बसलं की पाठीवरनं धारा लागायच्या."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय? पंखा एकच होता, तो तुझ्या अभ्यासाला होता."

तिने तक्रार केली नव्हती. नेहमीच्या आवाजात सांगितलं होतं. त्यानेच मला जास्त राग आला. कुणावर ते त्या वेळी नीट सांगता आलं नसतं. आता सांगता येतं.

मग ती एसीची गोष्ट घडली.

वाफा येतात म्हणून अक्कांनी एसीला कधी हात लावला नव्हता. अंग पेटलेलं असलं तरी वीस म्हणजे वीस. "ही खोली माझ्यासाठी नाही, मास्टरसाठी आहे," असं त्या सांगत. मास्टर म्हणजे ज्याच्याशी आम्ही नग ताडून बघतो तो पोलादी नमुना. पण भट साहेबांनी एसीवाल्या मंजुनाथला सांगितलं, "अक्काला त्रास होतो, कमी कर जरा." मंजुनाथ साधा माणूस. अक्कांनी त्याच्या बायकोला बाळंतपणात डबे पोचवलेले. त्याला वाटलं, बरं होईल. त्याने संध्याकाळी जाताना एसी सतरावर नेऊन ठेवला, आणि कुणाला सांगितलं नाही.

सकाळी अक्का एका बैठकीत अडकल्या होत्या. आम्ही काम सुरू केलं. त्या दिवशी पितळी बुशांचा, म्हणजे पंपात बसणाऱ्या पोकळ नळकांड्यांचा, लॉट होता. पितळ पोलादापेक्षा जास्त आकसतं. बुश एक सांगत होते, मास्टर दुसरंच. आमचा गोंधळ उडाला. अक्का आल्या, दारातच थांबल्या, भिंतीवरच्या थर्मामीटरकडे बघितलं आणि ओरडल्या, "सगळं खाली ठेवा!" सकाळपासूनची सगळी मापं रद्द करावी लागली. खोली पुन्हा वीसवर आणायची, नग आणि मास्टर तासन्‌तास तसेच ठेवायचे, मग पुन्हा मोजायचं. मंजुनाथ येऊन खाली मान घालून उभा राहिला. "अक्का, तुमच्यासाठी..."

"माझ्यासाठी?" त्या म्हणाल्या. "मला गार करायला मास्टर गार करतोस? माझ्यासाठी काही करायचंय तर त्या लेडीज टॉयलेटचा नळ दुरुस्त कर. महिना झाला गळतोय."

त्याने त्याच दिवशी नळ दुरुस्त केला. पण संध्याकाळपर्यंत कारखानाभर एकच बातमी होती: अक्काच्या गरमीमुळे अख्खी पाळी वाया गेली. एसी कुणी कमी करायला सांगितला हे भट साहेबांनी कुणालाच सांगितलं नाही. मंजुनाथकडून कळलेलं मी बोलून दाखवलं, तेव्हा लेखाविभागातला एकजण म्हणाला, "अगं, साहेबांनी माणुसकी दाखवली." ही माणुसकी! माणुसकी दाखवायची, आणि तिच्यामुळे काम बिघडलं की जिच्यावर दाखवली तिच्या नावावर लिहायचं.

तेच बुश नीट मोजल्यावर त्यांतले बरेच नापास निघाले. भोकं गोल नव्हती, जराशी लांबट होती. अक्कांनी लॉट अडवला. महिनाअखेर होती, माल जायला हवा होता. दुसऱ्या दिवशी मीटिंग बोलावली. ग्राहकाचा माणूस आला होता. टेबलाभोवती सगळे पुरुष, कोपऱ्यात कागद धरून मी. भट साहेब त्या पाहुण्याला समजावत होते, "माल ठीकच आहे. आमच्या मॅडमची तब्येत जरा... तुम्ही समजून घ्या. त्या स्वतःच म्हणतात, माझ्या मापावर विश्वास ठेवू नका. हवं तर या मुलीला विचारा."

मी तोंड उघडलं, पण अक्का आधी उठल्या होत्या. त्याच क्षणी लाली चढायला लागली. गळा, कान, कपाळ. नेहमीप्रमाणे त्या वारा घेतील असं मला वाटलं. त्यांनी घेतला नाही. घाम तसाच ओघळू दिला.

"पाहुण्यांना नीट सांगू या," त्या म्हणाल्या. कन्नडमध्ये म्हणाल्या, सगळ्यांना समजावं म्हणून. "माझी पाळी जातेय. पाळी. साहेब, खाली काय बघता, शब्द आहे, चावत नाही. त्यानं मला घाम येतो, हा बघा आला. झोप लागत नाही. नाव विसरते. म्हणून मी माझं प्रत्येक माप दुसऱ्याकडनं तपासून घेते. तुमच्यातला कोण घेतो? आणि माझ्या पाळीनं हे बुश लांबट झाले असतील, तर गोल पण तीच करील, थांबा थोडे दिवस."

कुणीतरी खोकलं. ग्राहकाचा माणूस पाण्याच्या ग्लासकडे बघत राहिला. मी म्हटलं, "माझंही माप तेच आलंय." ते कुणी ऐकलं की नाही, मला माहीत नाही.

त्याच दुपारी भट साहेबांनी अक्कांना बोलावून सांगितलं की तब्येत सुधारेपर्यंत शिक्का ऑफिसात जमा ठेवा. "तुमच्याच भल्यासाठी." अक्कांनी गळ्यातला दोरा काढला आणि शिक्का त्यांच्या टेबलावर ठेवला. लॉट रात्रपाळीच्या तपासनिसाच्या शिक्क्याने गेला. काही आठवड्यांनी तो परत आला. ग्राहकाकडे पंपांतून तेल गळलं होतं. परत आलेली खोकी कारखान्याच्या मधोमध पडून होती आणि जो तो त्यांना वळसा घालून जात होता. अक्कांकडे जाऊन 'तुमचं बरोबर होतं' एवढं म्हणायला एकाही माणसाची जीभ उचलली नाही. शिक्काही परत मिळाला नाही.

शिक्का नसलेला तपासनीस म्हणजे काय, ते बाहेरच्यांना कळणार नाही. त्या रोज यायच्या, मोजायच्या, आणि ठोकायला नग दुसऱ्या तपासनिसाकडे सरकवायच्या. दर वेळी हात गळ्याकडे जायचा आणि परत यायचा.

या काळात त्यांना तिसरी डॉक्टर मिळाली. सरकारी दवाखान्यातली, तरुण, हुबळीकडची. तिने आधी सगळं ऐकून घेतलं. सोनोग्राफी केली, आतल्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला, रक्त तपासलं. रक्तात लोह इतकं कमी होतं की ती म्हणाली, "अक्का, तुम्ही चालता कशा?" वाईट काही निघालं नाही. तिने लोहाचं औषध दिलं, रक्तस्रावावर गोळ्या दिल्या. मग रक्तदाब, छातीची तपासणी, घरात कुणाला काय झालं होतं, हे सगळं विचारून, फायदे-धोके दोन्ही समजावून हार्मोनचं औषध सुरू केलं. हे सगळ्यांना चालत नाही, तुम्हाला चालेल, पण दाखवायला येत राहायचं, असं बजावलं. "ती काय म्हणाली माहितीये?" अक्का मला म्हणाल्या. "म्हणाली, सोसायचं काही कारण नाही. मला वाटलं, तिथंच रडेन. माझ्या आईला हे एक वाक्य कुणी सांगितलं असतं तर!"

हळूहळू फरक पडला. आधी झोप आली. मग रक्त आटोक्यात आलं, चेहऱ्यावर रंग आला. वाफा कमी झाल्या, मग कित्येक दिवस येईनाशा झाल्या. चष्मा चष्म्याच्या जागी सापडायला लागला. एक दिवस त्यांनी वीस डिग्रीत शाल मागितली तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या.

आणि राग? सगळे वाट बघत होते तो जाण्याची. भट साहेब तर उघड म्हणाले होते, औषध लागू पडलं की मॅडम शांत होतील. एक दिवस अक्का जेवताना घास हातात धरून थांबल्या आणि माझ्याकडे वळल्या. "निपाणी, घाम गेला, झोप आली, धुकं गेलं. राग आहे तिथंच आहे बघ. इतके दिवस मलाच शंका होती, त्यांचं खरं असेल काय म्हणून. नाही गं. राग माझा आहे."

त्या दुपारी त्या शिक्का मागायला गेल्या. मी सहीचे कागद घेऊन मागे होते.

"देऊ की," भट साहेब म्हणाले. "डॉक्टरांकडून एक सर्टिफिकेट आणा. आता नॉर्मल आहात असं."

"कुणाकुणाकडनं मागितलंय?"

"म्हणजे?"

"तुमची साखर किती आहे आज? दुपारच्या मीटिंगला झोपता. तुमची सही प्रत्येक मालावर असते. तुमचं सर्टिफिकेट कुठं आहे?"

"मॅडम, ते वेगळं आहे."

"काय वेगळं आहे?"

अक्कांचं कपाळ कोरडं होतं. चेहऱ्यावर लाली नव्हती, आवाजही चढलेला नव्हता. या वेळी 'त्या वयातलं' म्हणायला साहेबांच्या हाताशी काहीच उरलं नव्हतं, म्हणून ते खिडकीबाहेर बघत राहिले.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "अक्का, डॉक्टरीणबाई लगेच देतील लिहून. आणा ना. शिक्का तरी मिळेल."

"देईल की ती. पण आज मी आणलं, तर उद्या तुझ्याकडं मागतील. तुझी पाळी सुरू आहे म्हणून, मग थांबली म्हणून. बायकांनी दर महिन्याला शहाणपणाचं सर्टिफिकेट आणायचं काय?"

त्यांनी राजीनामा दिला.

निरोपाचा समारंभ कँटीनमध्ये झाला. पीण्याच्या उन्हाळ्यात, पत्र्याच्या छताखाली. भट साहेबांनी भाषण केलं. मॅडम आमच्या घरच्यासारख्या, आता त्यांनी आराम करावा, नातवंडं खेळवावीत. अक्कांना नातवंडं नव्हती. मग साहेबांनी त्यांच्या अंगावर जाड लोकरीची शाल पांघरली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ज्या बाईला घाम येतो म्हणून कामावरून उठवलं, तिला मे महिन्यात लोकर! कुणाच्याही डोक्यात ते आलं नाही. अक्कांनी शाल उतरवली, नीट घडी घातली आणि साहेबांच्या हातात दिली. "आमच्या वीस डिग्रीत आलात की तुम्हाला थंडी वाजते. ठेवा. आणि आराम मी करणार नाही." एवढंच भाषण.

आमच्याकडे तपासनीस गेला की त्याच्या शिक्क्यावरचा आकडा घासून टाकतात, म्हणजे मागे कुणाला तो वापरता येऊ नये. एरवी हे काम टूलरूमचा माणूस करतो. अक्कांनी ऑफिसातून शिक्का मागून घेतला, चष्मा चढवला आणि स्वतः ग्राइंडरसमोर उभ्या राहिल्या. ठिणग्या उडाल्या. आकडा गेला. तो गुळगुळीत तुकडा त्यांनी भंगाराच्या डब्यात टाकला आणि हात झटकले. मंजुनाथ रडत होता. अक्का त्याला म्हणाल्या, "रडतोस काय? नळ परत गळायलाय. बघ तो."

मी गेटबाहेर बस स्टॉपपर्यंत त्यांच्याबरोबर गेले. माझा स्वतःचा शिक्का त्या आठवड्यातच मिळाला होता, तो मी मुठीत धरला होता.

"आता काय, अक्का?"

"सोमवारपासून दुसरीकडं. इथंच, मागच्या रस्त्याला. त्या मालकानं विचारलं, मॅडम, ऐकलंय तुम्ही फार रागावता. काही औषध वगैरे घेता का? म्हटलं, घेतो. घामाचं घेतो, झोपेचं घेतो, रक्ताचं घेतो. रागाचं कुणी दिलं नाही, आणि मी मागितलं पण नाही."

"मग?"

"मग काय. म्हणाला, सोमवारी या." त्यांनी माझ्या मुठीवर हात ठेवला. "सांभाळ तो. येतो मी."

बस आली. त्या चढल्या. दाराशीच एक बाई भाजीचं जड पोतं पायाशी घेऊन दांडीला लोंबकळत होती आणि बायकांच्या सीटवर एक धडधाकट माणूस खिडकीबाहेर बघत बसला होता. काचेतून मला अक्कांचं बोट दिसलं, सीटवरच्या पाटीकडे रोखलेलं. तो माणूस काहीतरी म्हणाला. अक्का वाकल्या आणि बोलायला लागल्या. तो उठला. पोतंवाली बसली. आवाज मला येत नव्हता, पण बस वळणावर दिसेनाशी होईपर्यंत अक्का बोलतच होत्या.